शंकरपाळी नको, ढाल द्या

आमच्या होणाऱ्या अमेरिकन जावयाच्या घरी फायरप्लेसवर एक ढाल टांगलेली आहे. लढाईची नव्हे, शोभेची. निळ्या रंगावर सोनेरी सिंह, मागच्या दोन पायांवर उभा, जीभ बाहेर काढलेला, आणि खाली लॅटिनमधली एक ओळ. मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेले तेव्हा विहीणबाईंनी सूप गार होईपर्यंत मला त्याचा अर्थ सांगितला. सिंह म्हणजे शौर्य. निळा म्हणजे निष्ठा. सिंहाच्या पंजात गव्हाची पेंढी आहे, ती म्हणजे घरात अन्नाला कधी कमी नाही. बाई शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेल्या, त्यामुळे कुणी प्रश्न विचारला की त्यांना हुरूप येतो, आणि मी आपली एकामागून एक विचारत बसले.

निघताना दारात त्यांनी मलाच विचारलं, "तुमच्या घराण्याच्या ढालीवर काय असतं?"

त्याला कारण होतं. इथे हल्ली दोन्ही घरांच्या खुणा एकत्र करून लग्नाच्या पत्रिकेवर एक चिन्ह छापतात. आमच्या मुलांना ते हवं होतं. अर्धी ढाल त्यांची, अर्धी आमची. त्यांच्या अर्ध्यात सिंह ठरलेलाच होता. आमच्या अर्ध्यात काय घालायचं? मी म्हटलं, "विचारून सांगते." कुणाला विचारणार होते कोण जाणे. मुलगी सातवीत असताना माझा नवरा गेला. तेव्हापासून मिशिगनमधल्या नोव्हायच्या या घरात मीच सांगायचं आणि मीच ऐकायचं, असं चाललंय.

शेवटी साताऱ्याला मोठ्या दिरांना फोन लावला. मी त्यांना दादा म्हणते.

"ढाल? अगं, हे काय विचारणं झालं!" दादा खूश झाले. "तलवार घाल, घोडा घाल, मागे किल्ल्याचा बुरूज दाखव. सरदार घराणं आहे आपलं!"

आता मी या घराण्यात नांदले आहे. सासरे पाटबंधारे खात्यात हेडक्लार्क होते, त्यांचे वडील प्राथमिक शाळेत मास्तर. या घरातला घोड्यावर बसलेला मी पाहिलेला एकच पुरुष म्हणजे माझा नवरा, तोही आमच्या वरातीत. बँड वाजायला लागल्यावर घोडा बिथरला आणि हा "उतरवा मला, आधी उतरवा!" म्हणून ओरडत सुटला होता. पण दादांच्या उत्साहावर पाणी कोण ओतणार?

"आणि हो," दादा म्हणाले, "देवकाचं टेन्शन घेऊ नकोस. मी आणि तुझ्या वहिनी आधीच येतोय. आम्ही दोघं बसू. कळंबाची फांदीसुद्धा इथूनच आणतो, तिकडे कुठली मिळायला!"

मी "बरं" म्हणून फोन ठेवला. मला राग जरा उशिरा येतो, पण आला की मुक्कामाला येतो.

देवक म्हणजे तरी काय, घराण्याची खूणच की. कुणाचं मोरपीस, कुणाचा शंख, कुणाचं तलवारीचं पातं. माझ्या सासरी कळंबाचं झाड. लग्नाच्या आधी ते वाजतगाजत आणायचं, मांडवात बसवायचं, त्याची पूजा करायची, मगच पुढचं सगळं. विहीणबाईंना सिंह आणि आम्हाला कळंब, एवढाच फरक. पण देवकाला बसायचं ते जोडप्यानं. नवरा शेजारी असलेल्या बाईनं. म्हणजे मी नाही. ज्या मुलीला मी एकटीनं वाढवलं, तिच्या देवकाला मी बाजूला उभं राहून अक्षता टाकायच्या आणि पाटावर दुसऱ्या कुणीतरी बसायचं. त्या संध्याकाळी मी भांडी घासताना दोन कप फोडले.

रविवारी मुलगी आली. ती अ‍ॅन आर्बरला फिजिकल थेरपिस्ट आहे, आणि घरी आली की ओट्याला टेकून उभ्याउभ्याच जेवते, कितीही सांगा. मी तिला तलवार, घोडा, बुरूज सगळं सांगितलं.

"आई, तलवार? सीरियसली?" तिनं पोळीचा तुकडा हवेत धरला. "कुणाची तलवार? व्हॉट डिड वी एव्हर फाइट?"

ती आमटी भुरकत विचार करत राहिली आणि मग अगदी सहज म्हणाली, "ढालीवर शव्हल काढायला सांग ना त्यांना. द रेड वन."

लाल शव्हल म्हणजे आमच्या गॅरेजच्या भिंतीवर टांगलेलं बर्फ काढायचं फावडं. पातं झिजलेलं, दांड्याला एके ठिकाणी काळी टेप गुंडाळलेली. या पोरीला सगळं आठवतंय, हे मला माहीतच नव्हतं.

नवरा डिसेंबरात गेला, आणि पुढच्या जानेवारीत बर्फ थांबायचं नावच घेईना. ड्राइव्हवे साफ केल्याशिवाय गाडी निघत नाही आणि गाडीशिवाय इथे माणूस घराबाहेर पडू शकत नाही. मराठी मंडळातल्या पुरुषांनी आपणहून पाळ्या लावल्या. रोज दोघं यायचे, शव्हल करायचे, जायचे. चांगली माणसं होती, त्यात शंका नाही. एका शनिवारी मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गॅरेजमध्ये गेले. मोठं दार अर्धवट वर होतं, त्यामुळे त्यांना मी दिसत नव्हते.

एक जण म्हणत होता, "यार, किती दिवस करायचं हे? वहिनींनी घर विकावं आणि अपार्टमेंट बघावं सरळ."

दुसरा म्हणाला, "नाहीतर काय. एकट्या बाईला एवढं घर हवंय कशाला?"

मी ट्रे धरून तिथेच उभी राहिले. नवरा जाऊन जेमतेम महिना झाला होता. हे घर आम्ही दोघांनी शोधलं होतं, त्यातल्या भिंतींचे रंग भांडून भांडून ठरवले होते. मी बटण दाबलं, दार वर गेलं. दोघांचे चेहरे खर्रकन उतरले. मी आधी चहा त्यांच्या हातात दिला, कारण तेवढं वळण आईनं लावलेलं आहे. मग एकाच्या हातातून आमचं लाल फावडं काढून घेतलं.

"उद्यापासून कुणी येऊ नका."

"अहो वहिनी, तसं नाही, आम्ही आपलं..."

"चहा गार होतोय," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर अख्खा रस्ता पांढरा. रस्ता साफ करणारी सरकारी गाडी जाताना सगळं बर्फ आपल्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलून जाते, आणि ते दगडासारखं घट्ट होऊन बसतं. मी फावडं मारलं तर ते टण्णकन उलट आलं. मी पुन्हा मारलं. मग माझा तोल सुटला आणि मी त्याला, माझ्या गेलेल्या नवऱ्याला, भर रस्त्यात मराठीत शिव्या द्यायला लागले. मेल्या, आळशा, एवढी काय घाई होती तुला, हे कोण काढणार आता! मागून हसण्याचा आवाज आला. पोरगी उभी होती, बापाचं जाकीट घालून, गुडघ्यांपर्यंत लोंबणारं, आणि हातात केराची सुपली. बर्फ काढायला आली होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मलाही हसू फुटलं, मग दोघी रडलो, मग काढलं सगळं. दुपार झाली, पण काढलं. घर मी विकलं नाही. त्यानंतरचा प्रत्येक हिवाळा त्या फावड्यानं काढला, आणि आता याच घरातून तिचं लग्न होणार होतं.

तर आमची खूण फावडं. दांडा वर, पातं खाली. मी विहीणबाईंना कळवलं आणि त्याचा अर्थही सांगितला, शिव्यांसकट. त्या फोनवर इतक्या हसल्या की शेवटी नाक शिंकरण्याचा आवाज आला.

पुढच्या आठवड्यात त्या स्वतः चित्र घेऊन आल्या. डावीकडे ढाल, तिच्यात सिंह. उजवीकडे आमचं लाल फावडं, फार सुंदर काढलेलं, पण ढालीत नाही. त्याच्याभोवती एका टोकावर उभी केलेली चौकट.

मी म्हटलं, "हा आकार वेगळा का?"

त्यांनी तो जपून जपून समजावला. जुन्या पद्धतीत ढाल पुरुषाची, कारण ढाल घेऊन लढाईला जायचं असतं आणि बायका काही लढाईला जात नसत. मग ज्यांना नवरा नाही त्यांची खूण, म्हणजे लग्न न झालेल्यांची आणि विधवांची, अशा चौकटीत काढायची. पुस्तकात तसं दिलंय. मुलीचे वडील नाहीत, म्हणजे आता घराची खूण माझ्या नावावर, म्हणून हा आकार. "नियम बाई, नियम," अशा सुरात त्या बोलत होत्या, आणि त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं.

मी त्या कागदाकडे बघत राहिले. शंकरपाळी! दिवाळीच्या डब्यातली शंकरपाळी काढून ठेवली होती माझ्या फावड्याभोवती. साताऱ्याला म्हणे देवकाला बसायचं नाही, आणि इकडे म्हणे ढाल धरायची नाही. पृथ्वीच्या दोन टोकांना बसलेल्या माणसांनी एकमेकांना न विचारता बरोब्बर एकच नियम करून ठेवला होता. मग मात्र माझं डोकं सणकलं.

"नाही," मी म्हटलं. "मला ढाल हवी. तुमच्या सिंहाएवढी. एका इंचानं लहान चालणार नाही. हा सिंह कुठल्या लढाईला गेला होता मला माहीत नाही, पण हे फावडं गेलंय. प्रत्येक हिवाळ्यात गेलंय."

मला वाटलं, झालं, लग्न मोडलं आपण. मग विहीणबाईंनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाल्या, "तुम्हाला एक सांगू? तो सिंह माझाही नाही. नवऱ्याच्या घरचा आहे. माझे वडील बटाटे पिकवायचे. आमच्यासाठी कुणी काही काढलंच नाही." आणि पर्समधून पेन्सिल काढून त्यांनी माझ्यासमोर ती शंकरपाळी खोडली. नवीन चित्रात दोन ढाली होत्या, सारख्या मापाच्या. सिंहाच्या पंजातली गव्हाची पेंढी जाऊन तिथे एक बटाटा आला होता. त्यांच्या नवऱ्यानं त्यावर काय म्हटलं ते मी विचारलं नाही.

पत्रिका साताऱ्याला पोचली आणि दादांचा फोन आला.

"अगं, हे काय फावडं? इथे लोक विचारतायत, मुलीचे वडील काय काँट्रॅक्टर होते का म्हणून! तलवारीचं काय झालं?"

"दादा, तलवार आपल्याकडे नव्हती. फावडं आहे, इथलं बर्फ मी त्यानंच काढलंय. आणि दुसरं म्हणजे, देवकाला मी बसणार आहे."

दादा एवढंच म्हणाले, "आल्यावर बोलू."

आले ते एक वेगळंच प्रकरण घेऊन आले. दादांनी कळंबाची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून वहिनींच्या पैठणीच्या घडीत लपवली होती. डेट्रॉइटच्या एअरपोर्टवर सामानाच्या पट्ट्याजवळ एक छोटं, लांब कानांचं कुत्रं फिरत होतं. दादांना कुत्र्यांची हौस. त्यांनी "ये रे, ये इकडे" म्हणून त्याला चुचकारून बोलावलं. ते आलं, बॅगेला नाक लावलं आणि बॅगेशेजारी शहाण्यासारखं बसून राहिलं. दादा त्याच्या डोक्यावरून हात फिरवत असतानाच ऑफिसर आला. त्यानं मेतकूट सोडलं, लोणचं सोडलं, कळंब मात्र धरला. बाहेरची झाडंझुडपं आत आणायला इथे बंदी आहे, हे मी दादांना नंतर एकदा फोनवर सांगितलं होतं, पण "देवकाला कोण अडवतंय" असा त्यांचा विश्वास.

गाडीत अर्धा रस्ता गेल्यावर ते म्हणाले, "चार पिढ्यांचं देवक कुत्र्यानं पकडलं." मागच्या सीटवर वहिनी पदर तोंडात कोंबून हसत होत्या, ते मला आरशात दिसलं.

देवकाच्या दिवशी गॅरेजमध्येच मांडव घातला होता. गाड्या बाहेर काढल्या, फरशी धुतली, दाराला इंडियन स्टोअरमधल्या आंब्याच्या डहाळ्या बांधल्या. मध्ये दोन पाट शेजारीशेजारी, भोवती रांगोळी. गुरुजी आले. ते सोमवार ते शुक्रवार आयटीत असतात आणि वीकेंडला पूजा सांगतात. दादा धोतर नेसून तयार, वहिनी पैठणीत. दोघं पाटावर जाऊनही बसले. म्हणजे "आल्यावर बोलू" हे दादांनी आल्यावर बोलायचं टाळलंच होतं.

गुरुजींनी विचारलं, "देवक कुठाय?"

दादांनी कुत्र्याची हकिगत सांगितली. गुरुजींनी डोकं खाजवलं. "झाडच हवं असं नाही. काही घराण्यांत शस्त्र असतं, काहींत हळद. वस्तू चालते. घराण्याची मानाची असली म्हणजे झालं."

मी भिंतीकडे गेले आणि फावडं खाली काढलं.

"हे?" गुरुजी म्हणाले.

"हे. तुम्ही दसऱ्याला लॅपटॉपला हळदकुंकू लावून ग्रुपवर फोटो टाकता, तो सगळ्यांनी बघितलाय."

गुरुजींना हसू आवरेना. "चालेल," ते म्हणाले. मुलीनं तेवढ्यात झेंडूची माळ आणून दांड्यावरच्या काळ्या टेपवर बांधलीसुद्धा.

"आणि पाटावर मी बसणार," मी म्हटलं.

सगळे माझ्याकडे वळून बघायला लागले. मंडळातली माणसं होती, त्या शनिवारच्या चहावाल्या दोघांपैकी एक जण होता, विहीणबाई होत्या. त्यांना भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळत होतं. गुरुजी हळूच म्हणाले, "मंत्रांचं मी बघतो, घरच्यांचं तुम्ही बघा."

"असं नसतं," दादा म्हणाले. आवाज चढवला नाही त्यांनी, उलट समजुतीनंच बोलले, आणि तेच मला जास्त लागलं. "आपल्यात नाही चालत. हट्ट करू नकोस. मुलीच्या संसाराचा तरी विचार कर."

"मुलीच्या संसाराचा?" मी म्हटलं. "तिचा विचार मी ती सातवीत असल्यापासून करतेय, दादा. तिचा ताप, तिच्या फिया, तिचं ड्रायव्हिंग, सगळं एकटीनं निभावलंय. तेव्हा कुणी म्हणालं नाही की हे जोडप्यानं करायचं काम आहे, तू करू नकोस! माझा पाय अशुभ असता ना, तर ही पोरगी आज इथे उभीच राहिली नसती. तुमच्या भावाचं घर मी राखलंय. इथे मी बाजूला उभी राहणार नाही."

दादा उठले नाहीत.

उठल्या त्या वहिनी. आजवर दादांच्या पुढ्यात ब्र न काढलेली ही बाई. गुडघ्यावर हात टेकून, पैठणी सावरत उठल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "उठा हो. इथलं बर्फ आपण काढलंय का? जिनं काढलं तिला बसू दे."

दादा उठले. बाहेर जाऊन गाडीत एसी लावून बसले. जेवायला मात्र आले आणि जिलबी दोनदा मागून घेतली. अजून माझ्याशी ते जरा तुटकच बोलतात, बोलू देत.

वहिनींनी कुंकवाचा करंडा उचलला आणि मला न विचारता माझ्या कपाळावर अंगठा दाबून कुंकू लावलं. मी फावडं खांद्यावर घेतलं, देवकाचं झाड आणायला जाताना पुरुषमाणूस कुऱ्हाड घेतो तसं. विहीणबाईंनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हीच पद्धत आहे.

रांगोळीत दोन पाट होते. एक मी उचलून भिंतीला लावून ठेवला. दुसरा मधोमध ओढला आणि त्यावर बसले.